झेड ड्राइव्हवर परत ‘ॲक्सेस डिनाइड’: विंडोज, मॅक अन् उबंटू एकाच फोल्डरवर चालवताना नेमकं कुठं अडतं

"दादा, परत तेच झालं बगा, फोल्डर दिसायलंय पण उघडंना, ॲक्सेस डिनाइड म्हणायलंय." सोमवारी सकाळी दुकान उघडलं की फॉर्मवाल्या ताईचा हा फोन ठरलेला, आणि तोवर बाहेर बाकड्यावर सात-आठ जण कागदं घेऊन बसलेले असतात, कोणी पूर्णेहून, कोणी पालमहून, कोणी गंगाखेडहून सकाळच्या गाडीनं आलेलं, आणि त्यांचं काम अडलं म्हणजे त्यांचा दिवस गेला, रोज बुडाला. म्हणून ह्या एका एररच्या मागं मी हात धुवून लागलो, आणि जे सापडलं ते सगळं इथं लिहायलोय, कारण हा प्रॉब्लेम दुकानं, कोचिंग क्लास, पतसंस्था, शाळेचं ऑफिस सगळीकडं तसाच येतो.

आधी आमची मांडणी सांगतो. दुकान परभणीत मोंढ्याजवळ. पुढच्या बाजूला पीक विमा, सातबारा, आठ-अ, शिष्यवृत्तीचे फॉर्म, मधल्या खोलीत डीटीपी, मागं मावसभावाचा फोटो स्टुडिओ. फॉर्मच्या दोन पीसीवर विंडोज १०, एकावर विंडोज ११, डीटीपीच्या पीसीवर अजून विंडोज ७ आहे कारण जुनं डोंगलवालं मराठी सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं, स्टुडिओत मॅक मिनी. आणि कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप, त्याच्यावर उबंटू २२.०४ अन् साम्बा, त्याला मोठी हार्ड डिस्क, हाच सगळ्यांचा सर्व्हर, आणि त्याच्यावरचं शेअर केलेलं फोल्डर पीसींवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसतं. साम्बा म्हणजे विंडोजची फाइल शेअरिंगची जी भाषा आहे, एसएमबी, ती लिनक्सला बोलायला शिकवणारं सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलेलं, अजून फुकट आणि अजून उत्तम चालतंय. कमांड अन् सेटिंगची नावं मी वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहायलोय, टाइप मात्र इंग्रजीतच करायची.

पाच-सहा महिने मी एकच औषध द्यायचो. सर्व्हरवर बसायचं, अख्ख्या फोल्डरला ‘सीएचमॉड ७७७’ मारायचं, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. लगेच चालू व्हायचं, ताई कामाला लागायची, आणि पुढच्या सोमवारी परत फोन. औषध लागू पडतंय पण रोग जाईना, तर रोग दुसराच असणार, हे कळायला मला वेळ लागला.

आता मोंढ्यातलं उदाहरण देतो, मी पोरांना असंच शिकवतो. आडत्याच्या गोडाऊनमधून आपलं पोतं काढायचं असलं तर चार ठिकाणी अडतं. पहिलं गेट, म्हणजे गोडाऊनपर्यंत रस्ताच सापडंना. दुसरा मुनीम, तो वहीत नाव बघतो, नाव नसलं की आत सोडत नाही. तिसरं आतल्या खोलीचं कुलूप, मुनिमानं सोडलं तरी किल्ली तुमच्याकडं नाही. आणि चौथं पोत्यावरचं नाव, आत गेलात, कुलूप उघडं आहे, पण तुम्ही ज्या नावानं पोतं शोधायलाव त्या नावाचं पोतंच तिथं नाही. शेअर फोल्डरचं अगदी तसंच आहे. आणि लोकं करतात काय, तर गेटवर अडलं तरी कुलूप तोडतात, मुनिमानं अडवलं तरी कुलूपच तोडतात. म्हणून पहिल्यांदा अडलं कुठं ते ठरवा. ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’, एरर ५३ किंवा शेवटी ८००७००३५ असलेला लांबलचक कोड आला तर गेट. १३२६, १२१९, १२७२ यातला आकडा आला किंवा यूजर-पासवर्ड परत परत मागायलंय तर मुनीम. फोल्डर दिसतंय, आत जाता येतंय, पण एखादीच फाइल उघडंना किंवा सेव्ह होईना, एरर ५, तर बहुतेक वेळा कुलूप. चौथं, पोत्यावरचं नाव, शेवटी सांगतो.

गेट

हे लवकर उरकतो. आमच्याकडं लाईट जाणं काही नवीन नाही, आणि लाईट येऊन राउटर परत चालू झाला की सर्व्हरला कधी कधी दुसराच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळतो, मग ज्या पीसीवर जुना आयपी टाकून झेड ड्राइव्ह मॅप केलाय त्याला लाल फुली. राउटरमध्ये जाऊन ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करा, सर्व्हरला कायमचा एकच आयपी, हे एकदा केलं की निम्मे फोन बंद होतात. तपासायला आधी सर्व्हरचा आयपी पिंग करा, मग पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट नेटकनेक्शन’ कमांड देऊन पोर्ट ४४५, म्हणजे एसएमबीचं दार, उघडा आहे का बघा, मग विंडोजच्या रनमध्ये दोन उलटे स्लॅश देऊन आयपी टाका, \\१९२.१६८.१.५० असा. आयपीनं उघडतंय आणि नावानं उघडत नाही तर दोष फक्त नावाचा आहे, सर्व्हरला हात लावू नका.

आणि ‘नेटवर्क’ वर क्लिक केलं की तिथं सर्व्हर दिसत नाही म्हणून घाबरू नका. ते पूर्वी दिसायचं ते जुन्या नेटबायॉस पद्धतीनं, जी एसएमबी-१ सोबत चालायची. विंडोज १० च्या २०१७च्या १७०९ अपडेटपासून एसएमबी-१ नवीन इन्स्टॉलमध्ये एक तर येत नाही, नाहीतर काही दिवस वापरलं नाही की आपोआप निघून जातं, म्हणून दिसणं बंद झालं, फोल्डर चालू आहे. दिसायलाच पाहिजे असलं तर उबंटूवर ‘डब्ल्यूएसडीडी’ टाका, आणि मॅकसाठी ‘अवाही’ असतंच. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के दाबून एसएमबी अन् आयपी टाकला की काम होतं.

इथं एक कळकळीनं सांगतो. कुठंही विचारलं की पहिला सल्ला मिळतो, ‘एसएमबी-१ चालू करा’. करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायनं जगभरातली कॉम्प्युटर लॉक केली ती ह्याच एसएमबी-१ च्या भोकातून, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता आणि तो ज्यांनी टाकला नव्हता ते अडकले. विंडोज ७ ला सुद्धा एसएमबी-१ लागत नाही, त्याला २.१ येतं. फक्त एक्सपीला दुसरं काही येत नाही, आणि काही जुन्या झेरॉक्स मशीनच्या ‘स्कॅन टू फोल्डर’ ला. मशीनसाठी सर्व्हरवर एफटीपीचं एक वेगळं फोल्डर करून द्या, नाहीतर पेनड्राइव्हवर स्कॅन करा. एका स्कॅनरसाठी शेतकऱ्यांचे आधार अन् पासबुकच्या झेरॉक्स ठेवलेला अख्खा सर्व्हर उघडा टाकणं मला पटत नाही.

मुनीम

आमच्याकडं सुरुवातीला ‘गेस्ट’ होतं, पासवर्ड नाही, कोणीही या. विंडोज ११ च्या पीसीवर २४एच२ अपडेट आलं आणि त्याच दिवशी फक्त तोच पीसी बाहेर. बाकीचे चालू, तो बंद, म्हणून ताईला वाटलं वायर गेली. कारण असं की विंडोज ११ प्रो मध्ये २४एच२ पासून गेस्टनं आत जाणं बंद केलंय आणि साइनिंग, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पाकिटावर सही, सक्तीची केलीय, आणि गेस्टला सहीच नसते. रजिस्ट्रीत बदल करून गेस्ट परत चालू करायचे व्हिडिओ ढिगानं सापडतील. पण त्यानं होतं काय, तुमचा पीसी कुठल्याही खोट्या सर्व्हरला पण ‘ये बाबा’ म्हणायला लागतो. त्यापेक्षा प्रत्येकाला यूजर करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

यूजर करताना लोकं इथं फसतात: साम्बाचा पासवर्ड अन् लिनक्सचा पासवर्ड ह्या दोन वेगळ्या वह्या आहेत. लिनक्समध्ये यूजर असलाच पाहिजे, पण तेवढ्यानं भागत नाही, ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ कमांडनं उणे-ए देऊन त्याच नावाची साम्बाच्या वहीत पण नोंद करावी लागते. लिनक्सचा पासवर्ड बदलला म्हणून साम्बाचा आपोआप बदलत नाही. वहीत कोण कोण आहे ते ‘पीडीबीएडिट’ उणे-एल (मोठ्या लिपीतला एल) नं दिसतं.

मग १२१९. हा एरर फार जणांना गोंधळात टाकतो. विंडोज एका सर्व्हरला एका वेळी एकाच नावानं बोलतं. ताईनं सकाळी स्वतःच्या नावानं झेड ड्राइव्ह उघडला, दुपारी काकांनी त्याच पीसीवर बसून हिशेबाचं फोल्डर त्यांच्या नावानं उघडायला बघितलं, झालं, १२१९. पासवर्ड बरोबर असतो, म्हणून माणूस तोच पासवर्ड दहा वेळा टाकतो. सीएमडीमध्ये नुसतं ‘नेट यूज’ टाका, कुठलं कनेक्शन चालू आहे ते दिसतं, मग ‘नेट यूज’, चांदणी, स्लॅश-डिलीट देऊन सगळी तोडा आणि ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ मध्ये त्या सर्व्हरचं जुनं नाव साठलेलं असलं तर ते पण काढा, नाहीतर ते आपोआप परत जोडतं. घाई असली तर एक कनेक्शन नावानं अन् दुसरं आयपीनं करा, विंडोजला ते दोन वेगळे सर्व्हर वाटतात, पण ही कायमची सोय म्हणून ठेवू नका.

आणि सर्व्हर लिनक्सचा नसून एखादा विंडोज पीसीच शेअर देत असला तर त्याचा चार आकडी पिन इथं चालत नाही, पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून पूर्ण पासवर्डच लागतो. नांदेडचा माझा एक मित्र दोन दिवस पिन टाकत होता.

कुलूप, म्हणजे आमचा सोमवार

आता खरी गोष्ट. गेट उघडं, मुनीम ओळखतोय, फोल्डर दिसतंय, पण काही फाइली उघडतात अन् काही नाहीत, आणि हे फक्त सोमवारीच का. मी एका सोमवारी ७७७ मारायच्या आधी थांबलो आणि बंद पडलेल्या फाइलींची मालकी नुसती बघितली, ‘एलएस’ उणे-एल. सगळ्या अडलेल्या फाइलींचा मालक एकच, माझा मावसभाऊ, ग्रुप पण त्याचाच स्वतःचा, आणि परवानगी ६००, म्हणजे त्याच्याशिवाय कोणीच नाही. तेव्हा उलगडा झाला. लग्नसराईत शनिवारी-रविवारी तो रात्री उशिरा येतो, कॅमेऱ्याचं कार्ड थेट सर्व्हरलाच लावतो कारण तिथं लवकर कॉपी होतं, फोटो अन् पत्रिकेचा मजकूर आधी स्वतःच्या होम फोल्डरमध्ये घेतो, निवडतो, आणि मग उचलून शेअरमध्ये हलवतो. कॉपी नाही, मूव्ह. ह्या एका शब्दात सगळं आहे.

लिनक्समध्ये फाइल कॉपी केली की नवीन फाइल जन्मते, मालक कॉपी करणारा होतो आणि ग्रुप ती ज्या फोल्डरमध्ये जन्मली त्याच्या नियमानं ठरतो. पण त्याच डिस्कवर मूव्ह केली तर फाइल तीच राहते, फक्त पत्ता बदलतो, जुना मालक, जुना ग्रुप, जुनं कुलूप सगळं सोबत घेऊन येते. विंडोजच्या एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या मांडणीवर, पण असंच आहे, त्याच ड्राइव्हमध्ये हलवलं तर स्वतःची लावलेली परमिशन सोबत जाते, कॉपी केली तर नवीन जागेची लागते. माझं ७७७ आज असलेल्या फाइलींना लागायचं, शनिवारी नवीन येणाऱ्यांना त्याचं काय.

दुसरं एक कारण त्यात मिसळलेलं होतं, एक्सेल. एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलवरच लिहीत नाही, बाजूला तात्पुरती फाइल बनवतं, जुनी काढतं आणि नवीनला जुनं नाव देतं. म्हणजे काकांनी बनवलेली हिशेबाची फाइल ताईनं एकदा सेव्ह केली की मालक ताई. तुम्ही फाइलवर कितीही जपून परवानगी लावा, पहिल्या सेव्हला ती गेली. म्हणून परवानगी फोल्डरवर बसवायची, अशी की त्याच्यात जन्मणारं प्रत्येक लेकरू घराचंच आडनाव लावून येईल.

ते असं केलं. सर्व्हरवर ‘दुकान’ नावाचा एक ग्रुप, सगळे यूजर त्याच्यात. शेअरचं फोल्डर होममधून बाहेर काढून ‘एसआरव्ही’ खाली ठेवलं, कारण उबंटूमध्ये २१.०४ पासून नवीन यूजरचं होम ७५० असतं, बाहेरच्याला उंबरठा पण ओलांडता येत नाही, आत तुम्ही काहीही उघडं ठेवा. मग फोल्डरचा ग्रुप ‘दुकान’ केला आणि सगळ्या फोल्डरांना २७७० दिलं, त्यातला पुढचा २ महत्त्वाचा, तो सेटजीआयडी, त्यामुळं आत बनणारी प्रत्येक फाइल ‘दुकान’ ग्रुपचीच होते. फाइलींना ६६०, म्हणजे मालक अन् ग्रुपला वाचणं-लिहिणं, बाकीच्यांना काही नाही. फोल्डर अन् फाइलींना एकाच दमात एकच आकडा मारू नका, ‘फाइंड’ नं वेगवेगळं करा, नाहीतर प्रत्येक फोटो चालवता येणारा प्रोग्राम होऊन बसतो. मग साम्बाच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या शेअरखाली ‘व्हॅलिड यूजर्स’ मध्ये ॲट चिन्ह लावून ‘दुकान’, ‘फोर्स ग्रुप’ दुकान, ‘फोर्स क्रिएट मोड’ ०६६०, ‘फोर्स डिरेक्टरी मोड’ २७७०. ‘टेस्टपार्म’ चालवून चूक नाही ना बघा आणि साम्बा रीस्टार्ट करा.

बरेच जण ‘फोर्स यूजर’ लावतात, म्हणजे कोणीही आला तरी फाइल एकाच नावानं बनते. त्यानं पण चालतं, पण मग फाइल कोणी बनवली हे कधीच कळत नाही, आणि दुकानात पाच माणसं असली की ते कळायला लागतं. मी ग्रुपच पसंत केला.

राहिला मावसभाऊ. सेटजीआयडी मूव्हला अडवत नाही, एसीएल, म्हणजे फोल्डरवर कोणाला काय चालतं त्याची यादी, लावलं तरी अडवत नाही. त्याला मी एवढंच सांगितलं की बाबा, सर्व्हरवर बसलास तरी फोल्डरमध्ये साम्बातूनच जा, आणि सर्व्हरच्या डेस्कटॉपवर लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच मशीनच्या, शेअरचा बुकमार्क करून दिला, थेट डिस्कचा रस्ता काढून टाकला. साम्बातून गेला की सगळे नियम लागतात. आणखी एक फायदा, तीच एक्सेल फाइल एकानं सर्व्हरवर थेट लिब्रेऑफिसमध्ये अन् दुसऱ्यानं विंडोजवरून उघडली तर एकमेकांचं कुलूप दोघांनाही नीट दिसेल याचा भरवसा नसतो आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचंच राहतं, तो धोका पण कमी झाला. त्या आठवड्यापासून सोमवारचा फोन नाही.

डिस्क एनटीएफएसची असली आणि लिनक्सला लावलेली असली तर हे सीएचमॉड वगैरे बहुतेक वेळा पाण्यात काठी मारल्यासारखं, परवानगी माउंट करतानाच, म्हणजे डिस्क सिस्टमला जोडतानाच, यूजर, ग्रुप अन् मास्क देऊन ठरवावी लागते. ती डिस्क विंडोजमधून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू ठेवून बंद केलेली असली तर लिनक्स तिच्यावर लिहूच देत नाही, विंडोजमध्ये जाऊन तो पर्याय बंद करा. मॅक तर एनटीएफएस नुसतं वाचतो. मी डिस्क एक्स्ट-४, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या मांडणीची, केली आणि सगळ्यांना नेटवर्कवरूनच दिली, हातातून हातात डिस्क फिरवणं बंद.

लाईट गेल्यावर फोल्डर रिकामं

हे एकदाच झालं पण माझ्या पोटात गोळा आला होता. रात्री लाईट गेली, सकाळी आली, सर्व्हर आपोआप चालू झाला, ताईनं झेड ड्राइव्ह उघडला तर आत काहीच नाही. ना फॉर्म, ना फोटो. मी बाहेरगावी होतो. तिनं बिचारीनं काम थांबू नये म्हणून परत ‘विमा’ नावाचं फोल्डर बनवलं आणि दोन दिवस त्याच्यात काम केलं.

झालं असं होतं की डिस्क यूएसबीची, जागी व्हायला वेळ लावते, उबंटूनं तिची वाट बघून सोडून दिलं, कारण मीच एफएसटॅबमध्ये, म्हणजे चालू होताना कुठली डिस्क कुठं जोडायची त्या यादीत, ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढं चल) लिहिलं होतं. साम्बाला डिस्कशी देणंघेणं नाही, त्याला पाथ दिसला, तो रिकामा पाथ त्यानं शेअर केला. म्हणजे डेटा डिस्कवर सुखरूप होता आणि ताईचं दोन दिवसाचं काम सर्व्हरच्या लहान डिस्कवर, त्याच पाथवर. मी येऊन डिस्क माउंट केली की जुनं सगळं परत आलं, पण ताईचं दोन दिवसांचं गायब. ती रडायलाच आली होती. ते कुठंच गेलेलं नसतं, खाली झाकलेलं असतं. साम्बा बंद करा, डिस्क अनमाउंट करा, खालच्या फोल्डरमध्ये सगळं असतं, ते बाजूला घ्या, परत माउंट करा. सगळं सापडलं.

परत होऊ नये म्हणून दोन गोष्टी. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचॲटर’ नं अधिक-आय लावा, मग त्याच्यात रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरला, सुद्धा लिहिता येत नाही, आणि वर डिस्क माउंट करायला त्याची काही अडचण नाही. आणि ‘सिस्टमसीटीएल एडिट’ करून साम्बाच्या सर्व्हिसला ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ मध्ये तो पाथ द्या, डिस्क नाही तर साम्बा सुरूच होत नाही. मग झेड ड्राइव्हला लाल फुली येते, पण ते बरं, रिकामं फोल्डर दिसण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. एफएसटॅबमध्ये डिस्क यूयूआयडीनं, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळख क्रमांकानंच, लिहा.

जाता जाता, नेटवर्क ड्राइव्हवरून डिलीट केलेलं विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जातं. साम्बाचं ‘रिसायकल’ मॉड्यूल शेअरला लावून ठेवा, ते डिलीट झालेलं एका लपलेल्या फोल्डरमध्ये टाकतं.

पोत्यावरचं नाव

हा भाग मला कुठं लिहिलेला सापडला नाही, कारण हा मराठीत नाव देणाऱ्यालाच येतो.

पहिलं सातबाराचं. आपण सगळे ७/१२ लिहितो, त्याच्यात स्लॅश आहे. विंडोज स्लॅश घेतच नाही, त्याला \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हं नावात चालत नाहीत. पण मॅकचं फाइंडर आनंदानं घेतं. मावसभावानं मॅकवर ‘७/१२ बॅनर’ नावाचं फोल्डर केलं, त्याच्याकडं व्यवस्थित, विंडोजवर त्या जागी चौकोनी डबा किंवा नावाचे तुकडे होऊन शेवटी टिल्डा अन् एक आकडा. उघडायला गेलं की कधी सापडतं कधी नाही. साम्बाच्या शेअरला ‘कॅटिया’, ‘फ्रूट’ अन् ‘स्ट्रीम्स एक्सॲटर’ ही तीन मॉड्यूल त्याच क्रमानं लावली की मॅकची बरीच दुखणी जातात, पण नाव ‘सातबारा’ असं अक्षरी लिहिणं हाच खरा इलाज. नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंब पण ठेवू नका, मॅक-लिनक्सवर चालतं, विंडोजवर ती फाइल नीट उघडत पण नाही अन् डिलीट पण होत नाही.

दुसरं लांबीचं. एक्स्ट-४ वर नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार सगळं वेगळं धरून, ३ बाइट खातं. म्हणजे हातात फक्त ८५ चिन्हं. ‘शेतकऱ्यांची’ ह्या एका शब्दात ११ चिन्हं आहेत, ३३ बाइट गेले. विंडोजच्या स्वतःच्या डिस्कवर २५५ चिन्हं मिळतात, तिथं एवढा आखडता हात नाही, म्हणून ताईच्या डेस्कटॉपवर नीट सेव्ह झालेली ‘मौजे अमुक तालुका अमुक येथील खरीप हंगाम पीक विमा भरलेल्या शेतकऱ्यांची गटनिहाय अंतिम यादी सुधारित’ झेड ड्राइव्हवर टाकायला गेलं की नाव लांब आहे म्हणून अडते, आणि सगळे परमिशन शोधत बसतात. गाव, हंगाम, वर्ष, बास.

तिसरं सगळ्यात वाईट, कारण ते डोळ्याला दिसतच नाही. जुलैअखेर विम्याची मुदत जवळ आली होती, आणि ‘शेतकऱ्यांची यादी’ ह्या फाइलमध्ये ताईनं टाकलेली नावं मधल्या खोलीतल्या पोराला दिसेनात, त्याची तिला दिसेनात. दोघं एकमेकांवर चिडलेले, मी परत सेव्ह, लॉक, परमिशन सगळं बघितलं. मग फोल्डर नीट बघितलं तर एकाच नावाच्या दोन फाइली एकाखाली एक. हे होऊच कसं शकतं, एका फोल्डरमध्ये एक नाव एकदाच.

आपला हा जो ऱ्या आहे ना, ‘शेतकऱ्या’ मधला, तो कॉम्प्युटरवर निदान तीन तऱ्हांनी लिहिला जातो. काही कीबोर्ड ऱ हे एकच अक्षर देतात आणि मग हलन्त. काही साधा र देऊन त्याखाली नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, देतात. आणि काही र, हलन्त, आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे, देतात. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, छापलं तरी सारखेच. पण लिनक्स नाव वाचत नाही, बाइट मोजतं, आणि बाइट वेगळे म्हणजे फाइल वेगळी. ताईचा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेचा, डीटीपीचा तिसऱ्या. म्हणून ‘ह्या नावाची फाइल आधीच आहे’ अशी सूचना पण आली नाही आणि शोधलं की प्रत्येकाला फक्त स्वतःचीच फाइल सापडायची. दुसऱ्या, तिसऱ्या, कर्मचाऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे, असे ऱ्या असलेले सगळे शब्द याच्यात येतात.

ओळखायचं असलं तर सर्व्हरवर ‘एलएस’ चं उत्तर ‘हेक्सडंप’ मधून बघा, दोन नावांचे बाइट वेगळे दिसतात. नुक्त्याची भानगड ‘कॉन्व्हएमव्ही’ नावाच्या टूलनं एनएफसी, म्हणजे र अन् नुक्ता जोडून एकच अक्षर, करून एका दमात सरळ होते, पण झेडडब्ल्यूजेवाली होत नाही, ती नावं हातानं बदलावी लागतात.

त्या रात्री आम्ही तिघं बसलो, दोन्ही याद्या शेजारी-शेजारी उघडल्या आणि एक-एक गट नंबर बघत एकत्र केल्या, कारण त्यातलं एक नाव जरी सुटलं असतं तर त्या माणसाचा विमा भरायचा राहिला असता. साडेबाराला संपलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या मशीनवर एकच मराठी कीबोर्ड बसवला, आणि प्रत्येक मॉनिटरच्या खाली एक चिठ्ठी चिकटवली, ताईच्या अक्षरात: फाइलच्या नावात सातबारा अक्षरी, आकडे इंग्रजी, ‘शेतकरी यादी’ लिहावे, ‘शेतकऱ्यांची’ लिहू नये.